बाळासो आणि बाळासाहेब

वडील जाऊन आठ महिने झाले, वारस नोंदीसाठी मी पुण्याहून चौथ्यांदा कोल्हापूरला आलोय, आणि शनिवारी सरकारी ऑफिस बंद म्हणून चारही वेळा रजा टाकून. भानगड एवढीच की सातबाऱ्यावर बाबांचं नाव 'बाळासो' आहे, आधारवर 'बाळासाहेब', मृत्यू दाखल्यावर पण 'बाळासाहेब' आणि बँकेत नुसती इनिशियल. आता कोल्हापुरात 'सो' म्हंजे 'साहेब' हे शेंबड्या पोरालाही सांगावं लागत नाही, निम्मा जिल्हा अण्णासो, दादासो, तात्यासोंचा आहे. खिडकीतला माणूस पण हसला, म्हणाला "मला कळतंय ओ, माझ्या वडलांचं पण असंच आहे, पण कागदाला कागद जुळाय पाहिजे".

गंमत अशी की माझी पोटापाण्याची नोकरी हीच. एंटरप्राइज आर्किटेक्चर. आईला अजून नीट सांगता आलेलं नाही, ती पाहुण्यांना "कॉम्प्युटरचे नकाशे काढतो" म्हणून सांगते आणि खरं सांगायचं तर ते बरोबरच आहे. एखाद्या मोठ्या संस्थेत नेमकी कामं कुठली चालतात, त्या कामाला कुठली माहिती लागते, ती माहिती मुळात कुणाची, ती कुठल्या सॉफ्टवेअरमध्ये आहे आणि ते सॉफ्टवेअर कुठल्या मशीनवर चालतंय, हे सगळं एका नकाशावर आणायचं, मग काय पाडायचं काय ठेवायचं ते ठरवायचं. १९८७ ला आयबीएमच्या जॉन झॅकमननं याची मांडणी केली, १९९६ ला अमेरिकेनं क्लिंगर-कोहेन कायदा करून सरकारी खात्यांना हे बंधनकारकच केलं. तिथंही पुढं व्हायचं तेच झालं म्हणा, बऱ्याच खात्यांनी सुंदर नकाशे काढले आणि कपाटात ठेवले. नकाशा काढणं सोपंय, "ही माहिती तुझी नाही, त्याची आहे" हे खात्याला सांगणं अवघड.

आपल्याकडं कॉम्प्युटर आले नाहीत असं कोण म्हणत असेल तर ते खोटं आहे. सातबारा डिजिटल सहीचा घरबसल्या निघतो, फेरफार ऑनलाइन, २०१५ ला लोकसेवा हक्क कायदा आला, आपले सरकार पोर्टल आलं. पण प्रत्येकानं आपापला ड्रॉवर कॉम्प्युटराइज केला. जन्म-मृत्यूची नोंद एका खात्यात, जमीन महसूलकडं, रेशन तिसरीकडं, आणि एका ड्रॉवरमधनं दुसऱ्या ड्रॉवरमध्ये कागद न्यायचं काम कुणाचं? माझं, रजा टाकून.

तसं बघितलं तर बाबा गेले हे सरकारला सरकारनंच सांगायला पाहिजे. २०२३ ला जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यात दुरुस्ती झाली त्यात हीच सोय आहे, मृत्यूच्या नोंदीवरनं इतर याद्या अपडेट करता येतील अशी. केंद्राचं इंडिया नावाचं फ्रेमवर्क पण २०१८ पासनं आहे (देश नव्हे, IndEA, म्हंजे इंडिया एंटरप्राइज आर्किटेक्चर), त्यातही खाती कितीही असोत, लोकांना सरकार एकच दिसलं पाहिजे, हीच कल्पना. पण मृत्यूच्या रजिस्टरमधला 'बाळासाहेब' आणि जमिनीच्या रजिस्टरमधला 'बाळासो' एकच हे मशीनला कोण सांगणार? दोन्हीकडं एकच ओळख क्रमांक चिकटलेला असेल तरच, नाहीतर कितीही भारी पोर्टल काढा, सगळं नावावरच अडतंय.

इस्टोनियाचं उदाहरण आमच्या धंद्यात सगळेच देतात, मी पण देतो. २००१ पासनं तिथं एक्स-रोड नावाची यंत्रणा चालू आहे, तिच्यावरनं खाती एकमेकांकडनं माहिती थेट मागून घेतात, आणि तीच माहिती गोळा करायला दुसऱ्या खात्यानं वेगळा डेटाबेस उघडायचा नाही असा कायदाच आहे. पण लगा, तो देश तेरा-चौदा लाखांचा, आपला कोल्हापूर जिल्हाच २०११ च्या जनगणनेत ३८ लाखांच्या वर! आणि त्यांच्याकडं बाळासो नाहीत.

आता खरी गोष्ट. त्या कचेरीसमोर एक झेरॉक्सवाला आहे. मशीनच्या वर भिंतीला त्यानं एक लॅमिनेट केलेला कागद लावलाय: वारसाला काय लागतं, उत्पन्नाच्या दाखल्याला काय, कुठल्या कागदाची सही असलेली कॉपी, कुठल्याची साधी, कुठला कागद आधी काढायचा. मी दहा मिनिटं तो कागद वाचत उभा राहिलो. प्रोसेस, डेटा, कोण कुणावर अवलंबून, सगळं त्यात होतं, आणि नियम बदलला की नवीन लॅमिनेशन. आमच्या कंपनीत असला कागद बनवायला सहा महिने मीटिंगा लागतात आणि तो निघाला तोवर जुना झालेला असतो. मी विचारलं हे कुणी सांगितलं, तर म्हणाला "कोण सांगतंय, परत आलेल्या माणसाला विचारायचं काय कमी पडलं". कुठल्याही खात्याचा नकाशा काढायचा असेल तर मी हल्ली म्हणतो पहिले आठ दिवस साहेबाच्या केबिनमध्ये नको, झेरॉक्सच्या दुकानात बसा.

'बाळासो आणि बाळासाहेब एकच इसम' असं प्रतिज्ञापत्र त्याच्याकडं टाइप करून तयारच होतं, नुसतं नाव बदलायचं. ते दिलं, नोंद धरली गेली, आता हरकतीची १५ दिवसांची नोटीस, मग मंडल अधिकाऱ्यांची सही. निघताना झेरॉक्सवाल्यानं प्रतिज्ञापत्राच्या दोन कॉप्या जास्त मारून दिल्या, असू द्या म्हणाला. एक बँकेत लागली. दुसरी बहुतेक लाइटच्या मीटरला लागेल, कारण तिथं बाबा नुसते 'बाळू' आहेत.