राखेचा बुधवार, ऊद मेथा, दुबई

5 मार्च 2025, बुधवार. रात्रीचे साडेअकरा.

चर्चमध्ये कपाळावर लावलेली राख अजून धुतलेली नाही. आई म्हणायची, आपणहून जाईल तेव्हा जाऊ द्यावी. परतताना मेट्रोच्या ग्रीन लाइनच्या डब्यात माझ्यासारखे काळ्या कपाळाचे सात-आठ जण होते. एकमेकांकडे बघून हसलो, बोललं कोणीच नाही.

रमझान शनिवारी लागला, आमचा ईस्टरआधीचा उपवासकाळ आज. रोजा असो वा नसो, महिनाभर सगळ्यांचेच कामाचे तास दोनने कमी. संध्याकाळच्या मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, धावत जावं लागलं नाही, ही रमझानचीच कृपा. ऑफिसातल्या इजिप्शियन सहकाऱ्याने विचारलं, "तुमचा उपवास म्हणजे नक्की काय?" म्हटलं, एकदा पोटभर जेवायचं, दोनदा थोडंसं खायचं, मांस नाही. "आणि पाणी?" चालतं. तो इतका मोठ्याने हसला की मलाच ओशाळल्यासारखं झालं.

सेंट मेरीज चर्चच्या आवारात पाय ठेवायला जागा नव्हती. मलयाळी, तमिळ, फिलिपिनो, गोवेकर, आफ्रिकन, अरबी बोलणारे लेबनीज. मिस्सा इंग्रजीत होता, पण ओळीत माझ्या मागच्या बाई कोकणीत पुटपुटत होत्या. पोप फ्रान्सिस 14 फेब्रुवारीपासून रोमला जेमेली रुग्णालयात आहेत, त्यांच्यासाठी प्रार्थना झाली तेव्हा मात्र आवार एकदम शांत. इथे अनेकांनी त्यांना प्रत्यक्ष पाहिलंय. 2019च्या फेब्रुवारीत अबू धाबीच्या झायेद स्पोर्ट्स सिटीत पावणेदोन लाखांच्या आसपास माणूस जमलं होतं. अरबस्तानच्या भूमीवर पोपनी केलेला तो पहिला मिस्सा. आम्ही मध्यरात्रीच बसने निघालो होतो, थंडीत कुडकुडत.

प्रार्थना संपता संपता मगरिबची, सूर्यास्ताची अजान ऐकू आली. कोणी मान वळवून पाहिलंही नाही. ते इतकं सवयीचं झालंय.

हे चर्च 1967चं. जमीन दुबईचे तेव्हाचे शासक शेख राशिद यांनी दिली. तेव्हा अमिरातींचा देशही झाला नव्हता, तो 1971चा. दुबईच्या समुद्रात तेल सापडलं 1966मध्ये, आणि मंडळी वाढायची ती त्यानंतरच वाढली. जुनी इमारत पुरेना म्हणून 1989मध्ये आताचं मोठं चर्च झालं, 2001मध्ये जेबेल अलीला दुसरं. तरी आमच्या धर्मग्रामातच, म्हणजे या एका चर्चच्या मंडळीत, तीन लाखांवर माणसं आहेत म्हणतात. वसईच्या धर्मग्रामांच्या हिशेबात वाढलेल्या माणसाला हा आकडा पचायला वेळ लागतो. आम्हाला गावात चर्चमध्ये कोण आलं नाही तेही कळायचं.

कागदोपत्री हा प्रदेश मिशनचाच, बिशप कापुचिन या संन्यासी संघाचे. पण मिशन म्हटल्यावर आपल्या डोळ्यांपुढे जे येतं, झाडाखाली शिकवणारा फादर, बाप्तिस्म्याला उभं राहिलेलं गाव, त्यातलं इथे काही नाही. मुसलमानांत धर्मप्रचाराला कायद्याने बंदी आहे. इथली मंडळी विमानाने येते. व्हिसा संपला की विमानानेच जाते. नर्स, वेल्डर, मोलकरणी, अकाउंटंट, सेल्समन. आधी सुट्टी शुक्रवारची, म्हणून कित्येक वर्षं आमचा रविवार शुक्रवारीच असे. 2022मध्ये आठवड्याची सुट्टी शनिवार-रविवारवर गेली आणि रविवार एकदाचा रविवारी आला. मला पहिले दोन-तीन महिने चुकल्यासारखं वाटत राहिलं. दुकानात उभं राहणाऱ्या पोरांना मात्र सुट्टी मिळेल तो वार रविवार.

राख लावताना फादर म्हणाले ते नेहमीचंच, तू माती आहेस आणि मातीलाच मिळशील. इंग्रजीत ऐकलं तरी माझ्या कानात ते मराठीतच येतं. आज नेमकं डोक्यात आलं, कुठली माती? जेबेल अलीला ख्रिस्ती दफनभूमी आहे, पण आमच्या लोकांपैकी बहुतेकांची शवपेटी कार्गोने घरी जाते. तीन लाखांच्या धर्मग्रामात आजोबा-पणजोबांच्या कबरी नाहीत. नाताळच्या आधी फिलिपिनो नऊ संध्याकाळी मिस्साला गर्दी करतात. दरवर्षी गर्दी तेवढीच असते, पण चेहरे निम्मे नवे. वसईकडे नंदाखालला आमच्या चर्चमागे माझे चार पिढ्यांचे लोक आहेत, आणि माझा मोठा भाऊ सांगतो की हल्ली सकाळच्या मिस्साला बाकं रिकामी असतात. आमची पोरं आहेत कुठे? ती इथे, नाहीतर इस्राएलला, कॅनडाला.

मिस्सानंतर वसईतल्या पापडीचा माझा मित्र गेटपाशी थांबला होता. बावीस वर्षं इथे. महिनाअखेर कायमचा चाललाय. करामातल्या त्याच्या दोन खोल्यांत आमची मराठी जपमाळेची प्रार्थना व्हायची, शनिवारी. कधी सोळा माणसं, कधी तीनच. त्याने गाण्याच्या वह्यांचा खोका माझ्या हातात दिला. "आता तूच सांभाळ रे. वाळवी नाही लागली अजून, पण एसीचं पाणी गळतं, पलंगाखाली ठेवू नकोस."

घरी येऊन खोका उघडला. सर्वांत जुन्या वहीच्या आतल्या पुठ्ठ्यावर नावं आणि फोन नंबर, चार-पाच वेगवेगळ्या अक्षरांत. बहुतेकांवर काट. वसई, कॅनडा, वसई, वारले, वसई. दोन नावं अजून इथली, त्यातलं एक माझं.

अर्नाळ्याचं एक जोडपं जानेवारीत अल नाहदाला राहायला आलंय. उद्या त्यांना फोन करायचा. बाईंना पेटी वाजवता येते म्हणे.