आरएसव्हीची उत्क्रांती आणि एका तारखेचा पाठपुरावा : माझा अनुभव

लहान मुलांच्या श्वसनमार्गाला ग्रासणाऱ्या रेस्पिरेटरी सिन्सिशियल व्हायरसचे, म्हणजेच आरएसव्हीचे, जीनोम (म्हणजे संपूर्ण जनुकीय मजकूर) वाचून त्यांचा वंशवृक्ष मांडण्याचे काम मी नुकतेच हातावेगळे केले. या कामात सर्वांत अवघड काय होते, असे नवे संशोधक विचारतात, तेव्हा त्यांना सिक्वेन्सिंगविषयी, म्हणजे जीनोम वाचण्याच्या तंत्राविषयी, ऐकायचे असते. माझे उत्तर वेगळे आहे. मी सर्वाधिक काळ रखडले ती स्वॅब कोणत्या दिवशी घेतला एवढी एक तारीख मिळवण्यासाठी, आणि तो वैताग अजून मनातून गेलेला नाही.

प्रयोगशाळेतला भाग तुलनेने सुरळीत पार पडला. तपासणीनंतर उरलेल्या स्वॅबमधून आरएनए वेगळा काढायचा, पीसीआरने त्याचे एकमेकांवर थोडे चढणारे तुकडे वाढवायचे आणि ते जुळवून सुमारे 15,200 अक्षरांचा जीनोम उभा करायचा, ही पद्धत आता बसलेली आहे. सीटी व्हॅल्यू (विषाणू दिसू लागेपर्यंत लागलेली पीसीआरची आवर्तने) 30 च्या वर असलेले नमुने आरंभीच बाजूला ठेवावेत, कारण त्यांत विषाणू इतका विरळ असतो की जीनोममध्ये मोठी भगदाडे राहतात.

खरी अडचण नमुने ज्या रुग्णालयातून आले, तेथील नोंदणी विभागात सुरू झाली. माहिती मागण्याच्या त्यांच्या ठरलेल्या फॉर्ममध्ये बाळाचे नाव आणि नोंदणी क्रमांक भरणे बंधनकारक होते, परंतु नमुना घेतल्याच्या तारखेसाठी रकानाच नव्हता. जी माहिती मला नको होती, किंबहुना माझ्या हाती येणेच गैर होते, ती दिल्याशिवाय अर्ज पुढे सरकत नव्हता. आणि जिच्यावाचून काम अडले होते ती मागितली, की तारखेवरून रुग्णाची ओळख उघड होऊ शकते, असे उत्तर मिळे. ही शंका रास्त आहे, हे मी मनापासून मानते. दाखल होणारी मुले मोजकी असतील, तर वय आणि तारीख यांवरून एखादे बाळ ओळखता येऊ शकते. परंतु त्यावर मार्ग काढण्यासाठीच नैतिकता समिती असते आणि तिची मंजुरी मी अर्जाला जोडली होती. ती वाचली जाईपर्यंत माझा अर्ज या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहिला आणि अखेरीस माझ्या हाती पडले ते फक्त वर्ष.

केवळ वर्षावर भागत का नाही, हे मला अनेकांना समजावून सांगावे लागले, म्हणून ते येथे नीट लिहिते. आरएसव्ही हा आरएनए विषाणू आहे आणि स्वतःची नक्कल करताना झालेल्या चुका तपासून दुरुस्त करण्याची सोय त्याच्या पॉलिमरेज विकरात नाही. त्यामुळे बदल साचत जातात आणि पूर्ण जीनोमचा विचार केला, तर वर्षाकाठी साधारण दहाच्या आसपास अक्षरे कायमची बदलतात. हा वेग बराचसा स्थिर असल्यामुळे त्याचा घड्याळासारखा उपयोग करता येतो : दोन नमुन्यांमधील फरक आणि त्यांच्या तारखा ठाऊक असतील, तर त्यांचा समान पूर्वज केव्हा होऊन गेला याचा अंदाज बांधता येतो. तारखेत वर्षभराची संदिग्धता आली, की त्याच दहा-एक बदलांचा हिशेब बिघडतो. त्यातही, आरएसव्हीची साथ हिवाळ्यात येते आणि हिवाळा डिसेंबर-जानेवारी ओलांडून पसरतो अशा प्रदेशात एकाच कॅलेंडर वर्षात दोन वेगळ्या साथींचे नमुने असतात, तर एकाच साथीचे नमुने दोन वर्षांत विभागले जातात. कोविडच्या काळात तर आरएसव्हीचे वेळापत्रकच कोलमडले. ऑस्ट्रेलियात नेहमीच्या हिवाळ्यातली साथ आलीच नाही, ती 2020 च्या अखेरीस, ऐन उन्हाळ्यात आली, आणि जीनोम वाचल्यावर दिसले की पूर्वीची विविधता घटून ए उपगटाचे (आरएसव्हीचे ए आणि बी असे दोन उपगट आहेत) मोजकेच वंश पसरले होते. हे निदान करता आले ते तारखा नेमक्या होत्या म्हणूनच.

पुष्कळ पाठपुराव्यानंतर नोंदणी विभागाने तारखांचा एक तक्ता पाठवला. मी तो आलेखावर मांडला : आडव्या अक्षावर तारीख, उभ्या अक्षावर वंशवृक्षाच्या मुळापासून साचलेले बदल. ठिपके तिरप्या रेषेभोवती विखुरलेले दिसायला हवे होते. त्याऐवजी त्यांचे गठ्ठेच्या गठ्ठे सरळ उभ्या ओळीत रचलेले दिसले. त्या तारखा स्वॅब घेतल्याच्या नव्हत्या. साचलेल्या नोंदी ज्या दिवशी एकदम संगणकात भरल्या गेल्या, त्या दिवसाच्या होत्या. म्हणून कोणताही तक्ता हाती आला, की आधी एवढे विचारावे : ही तारीख नमुना घेतल्याची, प्रयोगशाळेत पोहोचल्याची, तपासणीची, की नोंदीची? चारही तारखा वेगळ्या असू शकतात आणि रकान्याच्या मथळ्यावर नुसते ‘तारीख’ असते.

मार्ग निघाला तो बालरोग वॉर्डातून. तेथील सिस्टर प्रत्येक स्वॅब घेतल्यावर नळीवरचा बारकोड क्रमांक, दिवस आणि वेळ एका वहीत हाताने लिहून ठेवत असत. समितीकडून सुधारित मंजुरी घेतली, वॉर्डातल्या डॉक्टरांनी स्वतः त्या वहीतून फक्त बारकोड, तारीख आणि महिन्यांतले वय उतरवून दिले, आणि एकही नाव माझ्यापर्यंत आले नाही. ते तक्ते जुळवल्यावर ठिपके रेषेवर आले, तेव्हा मला झालेला आनंद शब्दांत मांडणे कठीण आहे. त्या सिस्टरांचे ऋण मी मानते.

मध्येच आठवले म्हणून सांगते : नव्या नमुन्यांचे तुकडे ज्याच्याशी जुळवायचे, त्या संदर्भासाठी जुना जीनोम वापरू नये. ए2 हा प्रयोगशाळांत सर्वत्र वापरला जाणारा प्रकार 1961 चा आहे. त्यानंतर विषाणूच्या ‘जी’ (G) नावाच्या जनुकात मोठे बदल झाले. बी उपगटात 1999 मध्ये ब्वेनोस आइरेसच्या नमुन्यांत 60 अक्षरांचा तुकडा दुप्पट झालेला आढळला, तर ए उपगटात 2010 मध्ये कॅनडातील ऑन्टॅरिओच्या नमुन्यांत 72 अक्षरांचा. पुढे हेच दोन वंश जगभर पसरले आणि त्यांनी जुन्यांना जवळजवळ हद्दपार केले. संदर्भात तो तुकडा नसेल, तर जुळणी करणारे सॉफ्टवेअर आखूड वाचने (सिक्वेन्सिंगमधून मिळणारे छोटे तुकडे) भलतीकडे बसवते आणि नसलेली उत्परिवर्तने दिसू लागतात. वंशांची नावेही 2024 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एकत्रित पद्धतीनुसार, म्हणजे ए.डी., बी.डी. अशी लिहावीत.

तारखांसह झाड उभे राहिल्यावर जे दिसले, त्याने सगळा खटाटोप सार्थकी लागला. एकाच आठवड्यात, एकाच वॉर्डात शेजारी-शेजारी असलेल्या बाळांचे विषाणू झाडाच्या दूरदूरच्या फांद्यांवर होते. म्हणजे ते वॉर्डात एकमेकांकडून आलेले नव्हते. बाहेर एकाच वेळी अनेक वंश फिरत होते. संसर्ग वॉर्डातच पसरला असावा, अशी धास्ती तेथील कर्मचाऱ्यांनी घेतली होती आणि ती दूर करता आली, याचा मला अभिमान वाटतो. वर्षाच्या नोंदीवरून हे कधीच सांगता आले नसते.

सार्वजनिक डेटाबेसमध्ये जीनोम जमा करताना पूर्ण तारीख द्यावीच लागते असे नाही. तेथे महिना आणि वर्ष चालते, त्यामुळे ओळखीचा धोका घटतो. नेमका दिवस विश्लेषणापुरता स्वतःकडे ठेवावा आणि ही विभागणी समितीकडे पहिला अर्ज करतानाच लिहावी, म्हणजे पुढे सुधारित मंजुरीसाठी थांबावे लागत नाही. नोंदणी विभागाच्या फॉर्ममध्ये नमुना घेतल्याच्या तारखेचा रकाना घालावा, अशी लेखी विनंती मी केली आहे. उत्तर अद्याप आलेले नाही.

आणखी एक रकाना त्याच वेळी मागून घ्यावा : बाळाला आरएसव्हीविरोधी अँटीबॉडीचे इंजेक्शन दिले होते का आणि कधी, किंवा आईने गरोदरपणात लस घेतली होती का. निर्सेव्हिमॅब ही अँटीबॉडी विषाणूच्या ‘एफ’ (F) नावाच्या पृष्ठभागावरील प्रथिनाच्या एका ठरावीक भागाला चिकटते, आणि असा भाग बदलला तर काय होते याचे उदाहरण आपल्यासमोर आहे. सुप्टाव्हुमॅब नावाची अशीच अँटीबॉडी मोठ्या चाचणीत अपयशी ठरली, कारण बी उपगटाच्या एफ प्रथिनात 172 आणि 173 या स्थानांवर बदल झालेले होते आणि तेच विषाणू सर्वत्र फिरत होते. एखादा बदल इंजेक्शनच्या आधीपासून विषाणूत होता की नंतर पुढे आला, हे ठरवायचे, तर इंजेक्शनची तारीख आणि स्वॅबची तारीख या दोन्ही हाताशी असाव्या लागतात.