एक टोप, एक टोपी : मॅक्लिन कुठवर आला

मागच्या वेळी पुतळ्याच्या तारेच्या सांगाड्याचे फोटो टाकले तेव्हा दोघातिघांनी विचारलं, हा बाबा कोण, आणि एकाच माणसाचे तीन पुतळे कशाला? योग्य प्रश्न आहे. माझ्या घरातही तोच विचारला जातो, जरा वेगळ्या सुरात.

हा चार्ल्स मॅक्लिन, अठराव्या शतकातला लंडनचा नट. आयर्लंडच्या पार उत्तरेला डोनेगॉलमध्ये इनिशोवन नावाचं द्वीपकल्प आहे, तिथला. मूळ आडनाव मॅक्लॉक्लिन. लंडनकरांच्या जिभेला ते वळेना म्हणून त्याने ते कापून आखूड केलं आणि बोलण्यातला आयरिश हेलही घासून काढला. १७९७ च्या जुलैत वारला तेव्हा लंडनच्या रंगभूमीवर त्याच्या वयाचा नट उरला नव्हता. चर्चमधल्या पाटीवर वय १०७ कोरलंय! ते कुणी खरं धरत नाही, पण दहा वर्षं वजा केली तरी माणूस शंभरीला टेकलेलाच निघतो.

तीन पुतळे अशासाठी, की या माणसाचं अख्खं आयुष्य डोक्यावरच्या वस्तूंभोवती फिरलंय. १७३५ चा टोप (म्हणजे केसांचा विग), १७४१ ची लाल टोपी, १७७३ ची बॉनेट, म्हणजे चपटी स्कॉटिश टोपी. प्रमाण १:१२, म्हणजे उभा पुतळा साडेचौदा सेंटीमीटर आणि डोकं जेमतेम दोन. टोप झाला, टोपी झाल्यात जमा आहे, बॉनेटने रडवलंय.

आधी टोप.

१० मे १७३५, लंडनचं ड्रुरी लेन थिएटर. मुख्य नाटक संपत आलेलं, नंतरच्या फार्सची तयारी चाललेली. विंगेमागे नटांनी शेकायला बसायची एक खोली होती. शेकोटी, तिच्यासमोर पाचसहा जण मावतील असा लांब बाक. तिथे मॅक्लिन आणि टॉमस हॅलम या सहकलाकाराची एका टोपावरून जुंपली. टोप दोघांपैकी कुणाचाच नव्हता, कंपनीचा होता. मॅक्लिनने आदल्या प्रयोगात तो घातलेला, म्हणून त्याच्या मते तो त्याचा. हॅलमने अखेर तो देऊनही टाकला. भांडण तिथे मिटायला हवं होतं. मॅक्लिन बसून टोप विंचरायला लागला, पण तोंड काही थांबेना, शब्दाने शब्द वाढला आणि त्याने उठून हातातली काठी पुढे केली. ती हॅलमच्या डाव्या डोळ्यात घुसली. डोळ्यावर लघवी हा तेव्हा उपाय समजत. फार्ससाठी मुलीचा वेश केलेल्या एका पोराला हॅलमने तशी विनवणी केली. पोराला होईना, तेव्हा मॅक्लिनने स्वतःच केली. हॅलम दुसऱ्या दिवशी वारला.

डिसेंबरात ओल्ड बेली या लंडनच्या फौजदारी कोर्टात खटला उभा राहिला. त्या काळी अशा आरोपीची बाजू मांडायला सहसा वकील नसे, मॅक्लिनने साक्षीदारांची उलटतपासणी स्वतःच घेतली. हेतुपुरस्सर खून नाही, सदोष मनुष्यवध, असा निकाल लागला आणि हातावर डाग देण्याची शिक्षा झाली.

पुतळ्यात काठीचा क्षण घ्यायचा नाही हे पहिल्या दिवशीच ठरवलं होतं. मी घेतलाय त्याच्या मिनिटभर आधीचा. बाकावर बसलेला मॅक्लिन, मांडीवर टोप, हातात कंगवा, मान तिरकी, तोंड उघडं. काठी शेजारी टेकवून ठेवलेली. ज्याला गोष्ट ठाऊक नाही त्याला हा टोप विंचरणारा एक चिडका माणूस दिसेल, आणि तेवढंच दिसावं.

टोपाचं तंत्र लिहून ठेवतो, कुणाला उपयोगी पडेल. पहिला कापसाचा केला, तो म्हातारीच्या केसांसारखा दिसायला लागला. दुसरा तागाचा, काथ्यासारखा राठ. तिसऱ्या वेळी करड्या रेशमी धाग्याचे पीळ सोडवले, पाण्यात पातळ केलेल्या फेव्हिकॉलमध्ये बुडवले आणि टूथपिकवर गुंडाळून रात्रभर वाळवले. सकाळी टूथपिक फिरवत ओढली की कुरळी बट तशीच राहते. टूथपिकला आधी मेण लावा. मी पहिल्या सात बटा मेण न लावता केल्या आणि सातही टूथपिकसकट टाकून दिल्या. अशा एकवीस बटा लागल्या. कंगवा ब्लिस्टर पॅकच्या प्लास्टिकचा, दाते ब्लेडने कापलेले.

आता टोपी. हिच्यासाठीच खरं तर हा सगळा उद्योग.

शेक्सपिअरच्या ‘मर्चंट ऑफ व्हेनिस’चं १७०१ पासून एक बदललेलं रूप लंडनमध्ये चालत होतं आणि त्यातला ज्यू सावकार शायलॉक हे हसवायचं पात्र होतं. मॅक्लिनने मूळ संहिता काढली. तालमीत त्याने कुणालाच पत्ता लागू दिला नाही, नुसती वाक्यं म्हणून मोकळा व्हायचा. बरोबरच्यांना वाटलं हा नाटक पाडणार. १४ फेब्रुवारी १७४१ ला पडदा उघडला आणि हसायला आलेल्या लोकांसमोर एक थंड, खुनशी, हिशोबी माणूस उभा राहिला. डोक्यावर लाल टोपी. सांगतात की कवी अलेक्झांडर पोपने नंतर त्याला गाठून टोपीबद्दल विचारलं. मॅक्लिन म्हणाला, व्हेनिसचे ज्यू लाल टोप्या घालत असं वाचनात आलं होतं. नट मंडळी एवढे कष्ट घेतात का, असं पोपने विचारल्यावर उत्तर आलं की बाकीच्यांचं माहीत नाही, माझी अब्रू पणाला लागली होती.

इथे एक गोष्ट बोलली पाहिजे. व्हेनिसमध्ये ही टोपी ज्यूंनी हौसेने घातलेली नव्हती, वेगळे ओळखू यावेत म्हणून त्यांच्यावर लादलेली होती. मॅक्लिनने तपशील बरोबर पकडला, पण म्हणून त्याचा शायलॉक कनवाळू होता असं नाही. तो भीतिदायकच होता. ‘अन्याय झालेला शायलॉक’ ही पुढच्या शतकातली गोष्ट. तेव्हा पुतळ्याच्या चेहऱ्यावर करुणा आणायचा मोह मी टाळलाय. आणि नाक मोठं केलंय ते मॅक्लिनचं स्वतःचं नाक मोठं होतं म्हणून. तिन्ही पुतळ्यांना एकाच साच्यातलं नाक आहे, हे मुद्दाम सांगून ठेवतो.

कपड्यांसाठी सर्वांत कामाचा ठरला तो लिश्टेनबर्ग, जर्मनीतल्या गॉटिंगेनचा प्राध्यापक. १७७५ मध्ये लंडनला असताना त्याने मॅक्लिनचा शायलॉक पाहिला आणि पत्रात बारकाईने वर्णन केलं. लांब काळा झगा, रुंद विजार, लाल तिकोनी टोपी. तोंडातून येणारे पहिले शब्द ‘तीन हजार डकॅट’, तेही सावकाश, जणू त्या नाण्यांची चव जिभेवर घोळवत. त्यामुळे ओठ जरासे विलग ठेवलेत. इपॉक्सी पुट्टीत दीड मिलिमीटरची फट ठेवणं हा काय प्रकार असतो ते इथल्या लोकांना सांगायला नको.

टोपी टिश्यू पेपरची, फेव्हिकॉलचे तीन हात, ओली असतानाच तिन्ही कडा वर दुमडलेल्या. घोळ झाला रंगाचा. ट्यूबलाइटखाली उत्तम जमलेला लाल, पुतळ्याच्या छोट्या थिएटरच्या खोक्यात ठेवल्यावर मातकट दिसायचा. तीन वेळा रंगवल्यावर डोक्यात प्रकाश पडला, की ड्रुरी लेनला ट्यूबलाइट नव्हती! मेणबत्त्यांच्या झुंबरांखाली आणि पुढच्या दिव्यांच्या उजेडात दिसणारा लाल हवा. आता टेबलावर पिवळा एलईडी लावूनच रंगवतो. दिवसा ती टोपी कुंकवासारखी भडक दिसते, रात्री बरोबर.

मॅक्लिनच्या बोलण्याच्या पद्धतीबद्दल एवढंच, की त्या काळात शोकांतिका सुरात, हेल काढून म्हणायची रीत होती. हा सुरुवातीला साध्या बोलण्यासारखा बोलला म्हणून मॅनेजरने त्याला आणखी दोनेक वर्षं गावोगाव फिरून यायला सांगितलं होतं. पुढे तो शिष्यांना हेच शिकवायचा. वाक्य आधी घरात बोलाल तसं बोला, मग फक्त जोर वाढवा. राज्य नाट्य स्पर्धेत पडदे ओढत असताना आमचे दिग्दर्शक वेगळं काही सांगत नव्हते.

त्याने नाटकंही लिहिली. १७५९ च्या ‘लव्ह आ ला मोड’मध्ये चार जण एका मुलीच्या मागे लागतात आणि ती मिळते आयरिश गड्याला. लंडनच्या रंगमंचावर आयरिश माणूस एरवी टवाळीसाठीच असायचा, त्यामुळे ही छोटी फेड मला आवडते. हस्तलिखित तो कुणाच्या हाती लागू देत नसे. एका मासिकाने प्रेक्षकांत लघुलेखक बसवून पहिला अंक उतरवून छापला, तेव्हा मॅक्लिन कोर्टात गेला आणि १७७० मध्ये जिंकला. नाटक रंगमंचावर केलं म्हणजे ते छापायला मोकळं झालं असं नाही, हे तिथे ठरलं.

कोर्ट त्याला मानवत असावं. १७७३ मध्ये सत्तरी उलटल्यावर लंडनच्याच कॉव्हेंट गार्डन थिएटरला त्याने शेक्सपिअरचा मॅकबेथ केला, तोही जुन्या स्कॉटिश वेशात. त्या काळचा सर्वांत गाजलेला नट गॅरिक, तोसुद्धा मॅकबेथ करायचा तो आपल्या काळातल्या लष्करी कोटात. लोक हसले, मग कंपू जमले, आणि १८ नोव्हेंबरला असा गोंधळ घातला की त्याला शायलॉकही करू दिला नाही आणि मॅनेजरकडून कामावरून काढायला लावलं. मॅक्लिनने म्होरक्यांवर खटला भरला आणि जिंकला. भरपाईत त्याने मागितलं काय? कोर्टाचा खर्च, आणि शंभर शंभर पौंडांची तिकिटं घ्या : माझ्या मुलीच्या बेनिफिटच्या (ज्या प्रयोगाचं उत्पन्न नटाला मिळे त्या) रात्रीची, माझ्या रात्रीची, आणि थिएटरमालकांसाठी. न्यायाधीश लॉर्ड मॅन्सफिल्ड खूश झाले, म्हणाले की इतका चांगला अभिनय तुम्ही आजवर केला नाही.

७ मे १७८९ ला तो शेवटचा उभा राहिला, शायलॉकच्याच वेशात. ग्रीनरूममध्ये नायिका पोर्शिया झालेल्या नटीला विचारलं, आज शायलॉक कोण करतंय? ती म्हणाली, तुम्हीच की, कपडे तर चढवलेत. रंगमंचावर गेला, थोडी वाक्यं बोलला, अडखळला, प्रेक्षकांची माफी मागितली आणि आत गेला. उरलेलं नाटक रायडर नावाच्या नटाने पुरं केलं. चौथा पुतळा करावा का, असं मनात येऊन गेलं. टोपी तीच वापरता आली असती. पण आधी तिसरा.

तर मॅकबेथची बॉनेट. टोपी स्वतः सोपी आहे, निळी, चपटी, लोकरीच्या कापडाची. अडलंय ते चौकटीच्या मोज्यांवर. १:१२ मध्ये एक चौकट दीड मिलिमीटरच्या आत बसवावी लागते. तीन शून्यांच्या बारीक ब्रशने पोटरीच्या गोलाईवर रेघा मारायला गेलो की घोट्यापाशी सगळ्या एकमेकींत घुसतात. डेकल कागदावर (पाण्याने सुटून चिकटणाऱ्या पातळ चित्रपट्टीवर) छापून पाण्याने चिकटवून पाहिलं, गुडघ्यामागे चुण्या पडल्या. गोल पृष्ठभागावर डेकल मऊ करणारं द्रावण इथे कुणी वापरलंय का, आणि ते अॅक्रिलिकच्या खालच्या थराला खातं का? डावा पाय मी खरवडून कोरा करून ठेवलाय. उत्तर आलं की पुन्हा सुरू करतो.