माथ्यातले 14 सेंटिमीटर

धुळ्याकडच्या पांझरा नदीवरच्या एका जुन्या फड बंधाऱ्याच्या (गावकरी मिळून पाणी वाटून घेतात त्या फड पद्धतीतल्या) दुरुस्तीचं अंदाजपत्रक करायचं होतं. कुठला बंधारा ते लिहीत नाही, फाइल अजून फिरतेय.

बाहेरच्यांना वाटतं इंजिनिअर बांधकाम बघतो. जुनं दगडी बांधकाम ऐकावं लागतं. हातोडीचा ठोका मारला की धड दगड टणकन बोलतो आणि आतला चुना वाहून गेलेला असला तर बद्द वाजतो. सकाळभरात दीडेकशे ठोके मारले. बद्द निघाले त्यातले बहुतेक दहा-बारा वर्षांपूर्वी सिमेंटने दर्जा, म्हणजे दगडांमधल्या सांधी, भरलेल्या पट्ट्यात. सिमेंट मागच्या ओलीला वाट देत नाही, मग ओल दगडाच्या कडा सोलत बाहेर पडते. घाणीत मळलेल्या चुन्यात हे होत नाही. पण अंदाजपत्रकात चुन्याची बाब घातली की दर पृथक्करण, म्हणजे दर कसा काढला त्याचा हिशोब, मागतात, सिमेंटला कोणी काही विचारत नाही.

मग माथ्याच्या लेव्हली, म्हणजे उंचीची मापं, घेतल्या. उजव्या काठाकडचा अकरा मीटर भाग बाकीच्या माथ्यापेक्षा 14 सेंटिमीटर खाली भरला. स्टाफ (मापाची उभी पट्टी) तिरका धरला असेल म्हणून पोराला ओरडलो, पुन्हा वाचलं. तेच. वहीत लिहून टाकलं: ‘खचलेला भाग, काँक्रीटची टोपी घालून माथा समपातळीत आणणे.’ अशी वाक्यं हात आपोआप लिहितो.

दुपारी पाटकरी आबा भेटले. फडात पाणी सोडण्याचं काम पाटकऱ्याचं. बंधाऱ्याखालचं रान साधारण चार फडांत वाटलेलं असतं आणि एका फडात त्या वर्षी सगळ्यांचं एकच पीक. पाणी कालव्यातून चारीत, चारीतून सारंगात (शेतातल्या लहान पाटात), जास्तीचं सांडमातून (निचऱ्याच्या चरातून) परत. तीन-चारशे वर्षं लोकांनीच चालवलेली ही व्यवस्था आम्हाला कॉलेजात अर्ध्या पानात उरकली होती. मी टोपीचं सांगितलं तर आबा म्हणाले, “पहिला पूर आठूनच जास, साहेब.” म्हणजे पहिला पूर इथूनच जातो.

म्हातारी माणसं असं बोलतातच, म्हणून मी ते सोडून दिलं असतं. पण खाली उतरून पाहिलं तर त्या अकरा मीटरच्या पायथ्याशी उघडा काळा खडक होता, आणि डाव्या काठाला, जिथे कालव्याचं तोंड आहे, नुसती माती. पूर खडकावर पडला तर चालतो, मातीवर नाही. मग थरांना आडवं सूत लावलं. भाग खचला असता तर दगडांचे थर सुतापासून खाली वाकलेले दिसले असते. थर सरळ होते, वरचा एकच थर त्या भागात नव्हता. म्हणजे तो बांधतानाच मुद्दाम सोडला असेल. किंवा शंभर वर्षांपूर्वी एखाद्या पुराने नेला असेल. वाहून गेला तर खाली चुन्याचे खुंट राहतात; मी बोटांनी चाचपले, दगड गुळगुळीत लागले. पण पाणी इतक्या वर्षांत खुंटही घासून टाकतंच.

संध्याकाळी कालव्याच्या शेपटाकडचा एक शेतकरी गाडी थांबवून म्हणाला, “टोपी घालाच साहेब, 14 सेंटिमीटर पाणी वर चढलं तर आमच्यापर्यंत येईल.” त्याचंही खोटं नाही. वर आता लाटीपाडा आणि अक्कलपाडा ही धरणं झालीत, पूर पूर्वीसारखा मोकळा येत नाही. ज्या पुरासाठी ती जागा खाली ठेवली असेल, तो पूरच कदाचित उरलेला नाही.

मी टोपी काढली, चुन्याची बाब घातली आणि ‘माथ्याची मूळ पातळी जपावी’ अशी टीप जोडली. कोकणातल्या धामापूर तलावाला 2020 साली जागतिक वारसा सिंचन संरचनेचा दर्जा मिळाला, हेही लिहिलं. त्यासाठी बांधकाम किमान शंभर वर्षांचं असावं लागतं, आपला बंधारा त्यात कधीच बसतो. वरिष्ठांनी वाचलं आणि म्हणाले, “वारसा ठीक आहे रे, ऑडिटला माथा वाकडा कसा दाखवू?”

फाइल दोनदा परत आली. दोन्ही वेळा शेरा एकच: ‘माथा समपातळीत का नाही, खुलासा करावा.’ दुसऱ्या वेळी सुताचा फोटो लावला. त्यात थर सरळ दिसतात, पण दगड गुळगुळीत आहेत हे फोटोत कसं दाखवायचं ते सुचलेलं नाही. पुढच्या आठवड्यात पुन्हा जाणार आहे, या वेळी चुना ओळखणाऱ्या गवंड्याला घेऊन.