कॅसेटवरचे मराठी विनोदी चित्रपट: टायमिंग वाचवण्याची कामं

जुन्या व्हीएचएस कॅसेटींवरचे चित्रपट संगणकावर उतरवण्याचं काम चालू आहे. त्याच्या दुसऱ्या टप्प्यात शनिवारी संध्याकाळी मुंबई दूरदर्शनवर लागायचे त्या मराठी चित्रपटांची घरगुती रेकॉर्डिंगं घेतली आहेत. अशोक सराफ आणि लक्ष्मीकांत बेर्डे यांच्या जुगलबंदीत हशा असतो तो उत्तराआधीच्या थांब्यात. म्हणून चित्र थोडं धूसर आलं तरी चालेल, पण आवाज आणि ओठ यांची जोडी सुटता कामा नये.

कॅसेटच्या खिडकीतून रिळाच्या कडेवर पांढरी भुकटी, म्हणजे बुरशी, दिसली तर ती व्हीसीआरमध्ये घालूच नका. एका बुरशीवाल्या कॅसेटने हेड खराब होतो आणि पुढच्या सगळ्या कॅसेटींना लागण होते. चांगली कॅसेटसुद्धा आधी एकदा शेवटपर्यंत पुढे नेऊन परत गुंडाळायची, म्हणजे फितीचा ताण सारखा होतो.

एस-व्हीएचएस डेक (व्हीएचएसची सुधारित जात चालवणारा व्हीसीआर) आणि रंग व उजेड वेगवेगळे नेणारी एस-व्हिडिओ वायर वापरा. नेहमीच्या पिवळ्या व्हिडिओ वायरीत रंग आणि उजेड एकत्र मिसळतात, मग कडांवर ठिपके सरकतात. कॅप्चर, म्हणजे संगणकात उतरवणं, ७२० बाय ५७६ ठिपक्यांचं, हफवाययूव्हीत (दर्जा न घटवता फाइल लहान करणारी पद्धत). तासाला साधारण ३५ जीबी धरून चाला. मध्ये टीबीसी (टाइम बेस करेक्टर, फितीच्या सिग्नलची डळमळ सरळ करणारं यंत्र) हवाच. फीत डळमळली की कॅप्चर कार्ड फ्रेम गाळतं. एक फ्रेम म्हणजे ४० मिलिसेकंद, २५ गळल्या की आवाज पूर्ण एक सेकंद सुटतो. गळतीचा आकडा शून्य नसेल तर ती फाइल ठेवायचीच नाही, पुन्हा उतरवायची.

टीव्हीची प्रत्येक फ्रेम एकाआड एक ओळींच्या दोन अर्ध्या चित्रांची, म्हणजे फील्डची, बनलेली असते. इथे बहुतेकांची चूक होते ती डीइंटरलेस करण्यात, म्हणजे फील्ड सुटे करून मधल्या ओळी अंदाजाने भरण्यात. चित्रपट मुळात फिल्मवरचा, त्यामुळे दोन्ही फील्ड एकाच फ्रेमचे असतात. ते नुसते जुळवायचे. डीइंटरलेस केलं तर उभी स्पष्टता फुकट जाते. जुळवूनही कंगव्यासारख्या रेघा दिसल्या तर जोडी एका फील्डने सरकली आहे असं समजा. मधल्या व्हिडिओवर चित्रित जाहिराती मात्र सेकंदाला खऱ्या ५० वेगवेगळ्या फील्डच्या असतात, त्या वेगळ्या कापून ५० फ्रेमच्या कराव्या लागतात. जाहिराती टाकून देऊ नका, त्या संध्याकाळचा अर्धा आनंद त्यांच्यातच आहे.

सेकंदाला २४ फ्रेमची फिल्म टीव्हीवर २५ ने धावते. १४४ मिनिटांचा चित्रपट १३८ मिनिटं १४ सेकंदांत संपतो, आणि आवाज किंचित चढा लागतो. फाइल २४ वर आणून आवाजाचा वेग ०.९६ पट केला की बेर्डेंचा मूळ सूर परत येतो. हा बदल फक्त पाहण्याच्या प्रतीत. मूळ कॅप्चरला हात लावायचा नाही.

‘धडाकेबाज’ (१९९०) हा मराठीतला पहिला सिनेमास्कोप, म्हणजे खूप रुंद चौकटीचा चित्रपट. त्याची टीव्हीचा पडदा भरणाऱ्या चौकोनी चित्राची कॅसेट मिळाली तर जवळजवळ ४३ टक्के रुंदी कापलेली असते, आणि कडेला उभ्या असलेल्याची प्रतिक्रिया त्यातच जाते. ती उणीव कुठल्याही फिल्टरने भरत नाही, म्हणून रुंद चौकटीची प्रत शोधणं चालू आहे.