बावीस ब्लेड, चोपन्न व्हेन

जेट इंजिनाच्या पुढच्या फॅनच्या आवाजाचं काम मायक्रोफोन लावण्याआधी कागदावर सुरू होतं. नासाच्या सोर्स डायग्नोस्टिक टेस्टमधला, म्हणजे आवाजाचा उगम शोधणाऱ्या चाचणीतला, 22 इंची मॉडेल फॅन घ्या. ब्लेड 22, लँडिंगच्या वेळचा वेग मिनिटाला 7,808 फेरे. 22 × 7,808 ÷ 60, म्हणजे मुख्य सूर सुमारे 2,863 हर्ट्झवर.

प्रत्येक ब्लेडमागे मंदावलेल्या हवेचा पट्टा सुटतो आणि मागच्या व्हेनवर, म्हणजे न फिरणाऱ्या पात्यांवर, आदळतो, त्यातून हा सूर निघतो. तो बाहेर ऐकू येणार की नळीतच विझणार, हे टायलर आणि सोफ्रिन या अभियंत्यांनी 1962 मध्ये मांडलेल्या हिशेबावरून कळतं. ब्लेडमधून व्हेन वजा करायच्या: 54 व्हेन असतील तर 22 − 54 = −32. म्हणजे दाबाची 32 पाकळ्यांची नक्षी फॅनच्या उलट दिशेने फिरते, फॅनच्या 22/32 वेगाने. ब्लेडचं टोक सेकंदाला साधारण 228 मीटर पळतं, नक्षी 157. ध्वनीच्या वेगापेक्षा बरीच कमी, त्यामुळे ती थोड्याच अंतरात मरते. व्हेन 26 केल्या की उत्तर येतं −4, आणि नक्षी फॅनच्या साडेपाच पट वेगाने फिरते. मग सूर थेट बाहेर! म्हणूनच व्हेन ब्लेडच्या दुपटीहून थोड्या जास्त ठेवायचा रिवाज आहे. दुप्पट फ्रिक्वेन्सीचा सूर मात्र 54 व्हेनलाही जुमानत नाही: 44 − 54 = −10.

मग 26 व्हेन हव्यातच कशाला? कारण आवाज नुसत्या सुरांचा नसतो. पट्ट्यातल्या खळबळीमुळे उठणारा 'सूंऽऽ' व्हेन कमी केल्या की उतरतो. सुटलेला सूर आवरायला त्या 26 व्हेन मागे कलत्या करूनही पाहिल्या. पट्टा मग मुळापासून टोकापर्यंत एकाच क्षणी आदळत नाही.

आता खरी फसगत. हिशेबाने मेलेला सूर जमिनीवरच्या चाचणीत ठणठणीत ऐकू येतो. जागेवर उभं इंजिन चहूबाजूंनी हवा ओढतं, आणि हवेतले भोवरे आत शिरताना शेवयांसारखे लांबतात. एकेक शेवई कितीतरी ब्लेड लागोपाठ कापतात. उड्डाणात हे जवळजवळ नसतं. म्हणून जमिनीवरच्या चाचणीत हे भोवरे मोडायला इनलेटवर, म्हणजे हवा आत शिरते त्या तोंडावर, मधमाशीच्या पोळ्यासारख्या जाळीचा मोठा घुमट बसवतात. ओळखायची खूण सोपी आहे: व्हेनमुळे येणाऱ्या सुराचा जोर एकसारखा टिकतो, भोवऱ्यांच्या सुराचा सतत कमी-जास्त होतो. नुसती सरासरी पाहिली तर दोन्ही सारखेच दिसतात, म्हणून वेळेनुसारची मूळ नोंद पुसू नये.