आमची वाटचाल : चावी, चकती आणि कामिनी

इंदूरच्या राजवाड्यामागच्या गल्लीत वडिलांनी ग्रामोफोन दुरुस्तीचे दुकान थाटले, तेव्हा त्यांच्याजवळ भांडवल म्हणून पेचकसांचा एक संच, साऊंडबॉक्ससाठी, म्हणजे सुईच्या कंपाचा आवाज करणाऱ्या डबीसाठी, अभ्रकाच्या चकत्या आणि एक भागीदार एवढेच होते. भागीदारांना आम्ही मुले चाचा म्हणत असू. त्यांची शाळा दुसरीतच सुटली होती. पण ग्रामोफोन फिरवणारी कमान (स्प्रिंग) तुटली की ती डब्यातून हात न कापता बाहेर काढणारा दुसरा माणूस मी आजवर पाहिलेला नाही.

वडिलांचे लाडके हत्यार म्हणजे पुठ्ठ्याची एक चकती, जिच्या कडेला ७७ काळ्या रेषा होत्या. फिरत्या थाळीवर ती ठेवून वर घरच्या, सेकंदाला पन्नास आवर्तनांच्या विजेवरचा निऑनचा दिवा धरायचा. रेषा जागच्या जागी उभ्या दिसल्या की थाळी मिनिटाला ७८ फेरे घेते आहे, आणि पुढे सरकू लागल्या की ती जलद आहे, असे समजावे. ती चकती आजही माझ्या गल्ल्यात आहे.

मधली वर्षे बरी गेली. मग कॅसेट आली, आणि आमच्याकडेच चार वर्षे काम शिकलेल्या एका गृहस्थांनी बरोबर समोर कॅसेट भरून देण्याचे दुकान काढले. ते आमच्याकडून ‘दोन दिवसांसाठी’ म्हणून तबकड्या नेत, आणि वडील भिडस्त असल्यामुळे त्या परत मागत नसत. साठ मिनिटांत एक गाणे जास्त बसावे म्हणून हे गृहस्थ थाळी मुद्दाम जलद ठेवत, त्यामुळे पट्टीच्या गायिकेचा आवाज शाळकरी मुलीसारखा ऐकू येई. पण दर आमच्याहून कमी, म्हणून रांग त्यांच्याच दारात लागे. चाचा त्याच सुमारास गेले, भाडे सात महिने थकले, आणि एके दिवशी लाखेच्या तबकड्या वजनावर घेण्यासाठी भंगारवाला तराजूसकट दुकानाच्या पायरीवर येऊन बसला.

त्याच दुपारी मला चौथीत शिकवणाऱ्या बाई एक पत्र्याची ट्रंक घेऊन रिक्षातून उतरल्या. ट्रंकेत कडुनिंबाच्या पाल्यात ठेवलेल्या यजमानांच्या तबकड्या होत्या. त्यांतली एक माझ्या हाती देत त्या म्हणाल्या, “अरे, ही नकली आहे म्हणतात समोरचे. हिच्यावर लताचं नावच नाही, कामिनी लिहिलंय. आठ आण्याला मागत होते.”

‘आयेगा आनेवाला’ या ‘महल’मधल्या गाण्याची ती तबकडी अस्सल होती. ‘महल’ हा चित्रपट १९४९ चा, संगीत खेमचंद प्रकाश यांचे, आणि कामिनी हे त्यात मधुबालेने केलेल्या भूमिकेचे नाव. त्या काळी तबकडीवर गाणाऱ्या व्यक्तीऐवजी पात्राचे नाव छापण्याची पद्धत होती. ‘आयेगा आनेवाला’ रेडिओवर लागले तेव्हा हे कोण गाते आहे, अशी विचारणा करणारी श्रोत्यांची पत्रे येऊ लागली आणि त्यानंतर लता मंगेशकर हे नाव लोकांना कळले. ज्या गावात १९२९ साली त्यांचा जन्म झाला, त्याच गावात त्यांची तबकडी नावावरून नकली ठरावी, याचा राग मला अजून आहे. नाहीतर नावाची काळजी घेणारेही होते. १९०२ मध्ये कलकत्त्यात गायिका गौहरजान ध्वनिमुद्रणात प्रत्येक गाण्याच्या शेवटी आपले नाव उच्चारीत, कारण तबकड्या जर्मनीत हानोवरला छापल्या जात आणि तिथल्या कारागिरांना कोणते गाणे कोणाचे ते कळावे लागे.

मी बाईंसमोर चकतीवरच्या रेषा स्थिर केल्या आणि नवी सुई बसवून ती तबकडी लावली. सुरुवातीच्या ओळी लांबून येतात असे वाटावे म्हणून लताबाई मायक्रोफोनपासून दूर उभ्या राहिल्या आणि गात गात जवळ आल्या, ही हकिकत या धंद्यात सर्वांना ठाऊक आहे. समोरच्यांच्या कॅसेटवर ते अंतर ऐकू येत नसे. त्यांचे यंत्र हळू आवाज आपोआप वर ओढत असे, त्यामुळे दूरची बाई पहिल्याच शब्दाला कानाशी येऊन बसे. बाई डोळे मिटून ऐकत होत्या. तबकडी संपल्यावर त्यांनी पाकीट उघडले आणि ट्रंकेतल्या सगळ्या तबकड्या कॅसेटवर उतरवून देण्याचे पैसे आगाऊ मोजले. “दुकान बंद केलंस तर मी सुया कुठून आणू?” एवढेच त्या म्हणाल्या. भंगारवाल्याला मी चहा पाजून परत पाठवले.

घरी जुन्या तबकड्या असणाऱ्यांनी त्या आडव्या रचू नयेत, उभ्या ठेवाव्यात. स्पिरिटने पुसू नयेत, लाख विरघळते. पोलादी सुई प्रत्येक बाजूला बदलावी, आणि चावी अडेपर्यंत फिरवू नये. उधार तबकडी तर सख्ख्या भावालाही देऊ नये.

आता आम्ही जुन्या तबकड्या संगणकावर उतरवून देतो. ७८ च्या रुंद खाचेला जाड सुई आणि एलपीला (लाँग प्ले तबकडीला) बारीक, अशा दोन्ही नेहमी तयार असतात. गेल्या वर्षी समोरच्या गृहस्थांचे चिरंजीव एक खोके घेऊन आले. वडिलांचा संग्रह आहे, म्हणाले. त्यांतल्या एकोणीस पाकिटांवर आमच्या दुकानाचा जांभळा शिक्का होता. बाकीच्या तबकड्या मी पूर्ण दर लावून उतरवून दिल्या. त्या एकोणीस मात्र परत दिल्या नाहीत.